बॅटरीची पैसेवारी

ज्या इसमाने आपल्या आयुष्याची ३४ वर्षे दुसऱ्यांच्या शेतांतील पिकांची पैसेवारी लिहिण्यात, ती वरिष्ठांकडे रवाना करण्यात आणि वरिष्ठांनी ती शेरा मारून परत पाठविल्यावर पुन्हा लिहिण्यात खर्ची घातली, त्याच्यावर सेवानिवृत्तीनंतर दोंडाईच्यासारख्या गावी, स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसून, एका काळ्या डब्याची पैसेवारी काढण्याची पाळी यावी, हा दैवाचा न्याय म्हणावा की दैवाची थट्टा, याचा निर्णय मी अद्याप तहकूब ठेवला आहे.

काळा डबा म्हणजे लॅपटॉप. निवृत्तीच्या दिवशी कचेरीतील सहकाऱ्यांनी मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे एक घड्याळ दिले. पुण्यास नोकरीस असलेल्या चिरंजीवांनी हा लॅपटॉप दिला, आणि त्याबरोबर "नाना, आता नोकरीतल्या आठवणी लिहून काढा," असा प्रेमळ हुकूमही दिला. आठवणींचा तुटवडा नव्हता. अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून जे दिसते ते मामलेदाराच्या खुर्चीवरून दिसत नाही आणि कलेक्टरच्या खुर्चीवरून तर मुळीच दिसत नाही, असे माझे प्रामाणिक मत असून ते ग्रंथरूपाने सिद्ध करण्याचा माझा मानस होता. त्या ग्रंथाची आजमितीस दोन प्रकरणे पूर्ण आहेत. पहिल्यात माझा जन्म होतो आणि दुसऱ्याच्या अखेरीस मी चौथी पास होतो. तिसरे प्रकरण गेली चार वर्षे रखडले आहे, आणि त्याची सबब आळस ही नसून बॅटरी ही आहे; कारण लॅपटॉपवर लिहावयाचे म्हणजे आधी तो चार्ज हवा, आणि तो कसा, केव्हा व किती चार्ज करावा याविषयी आमच्या गल्लीत जितकी माणसे आहेत त्याहून एक मत अधिक आहे.

त्यांतील सर्वांत जुने मत आमच्या आबांचे. आबा, म्हणजे माझे वडील, आज ९१ वर्षांचे असून ओट्यावरच्या खाटेवरून साऱ्या गल्लीचा कारभार पाहतात. त्यांच्या आणि माझ्याही लहानपणी बॅटरी या शब्दाचा अर्थच निराळा होता. विजेरी हा शब्द पुस्तकातला. घरात बॅटरी म्हटले की आबांची तीन सेलांची लांबलचक चंदेरी बॅटरीच डोळ्यांपुढे येई, जी खांद्यावर घोंगडी आणि हातात फावडे घेऊन रात्री गव्हाला पाणी भरावयास निघताना ते काखेत मारीत. तिचा प्रकाश नव्या सेलांवर दुधासारखा पडे, आठवड्याने तो ताकासारखा होई, आणि पुढे हळदीच्या पाण्यासारखा पिवळा पडून पायाखाली साप आहे की दोरी हे ठरविण्याच्या कामी निरुपयोगी ठरला, की आबा ते तिन्ही सेल बाहेर काढून धाब्यावर, आईने वाळत घातलेल्या बिबड्यांच्या शेजारी, उन्हात मांडून ठेवीत. दोन दिवसांनी ते सेल पुन्हा घातले की बॅटरी आणखी तीनचार रात्री निघे. यात जादू काही नव्हती. उष्णतेने सेलाच्या पोटातील रासायनिक क्रिया अंमळ वेगाने चालते आणि उरलासुरला जीव वर येतो. मात्र त्या अनुभवावरून आबांनी बॅटरी अशक्त झाली की तिला ऊन दाखवावे, असा जो सिद्धांत बांधला तो पुढील ६० वर्षांत त्यांनी एका अक्षरानेही बदलला नाही.

दुसरे मत जिभाऊंचे. जिभाऊ हे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे, ट्रॅक्टरचे आणि गल्लीतील पहिल्या इन्व्हर्टरचे मालक. ज्या काळात भारनियमन हा शब्द आमच्या लेकरांनी 'आई' आणि 'बाबा' यांच्या पाठोपाठ शिकून घेतला, त्या काळात सायंकाळी साऱ्या गल्लीत फक्त जिभाऊंच्या घरी ट्यूबलाइट जळत असे, आणि तिच्या उजेडात अभ्यास केलेली निदान तीन मुले आज सरकारी नोकरीत आहेत, हे जिभाऊ अजून सांगतात. साहजिकच बॅटरीच्या विषयात त्यांच्या शब्दाला वजन आहे. "साहेब," ते मला म्हणाले, "बॅटरी उपाशी ठेवली की मेली. चोवीस तास वायर लावून ठेवा आणि दर महिन्याला पाणी बघा." लॅपटॉपमध्ये पाणी कोठे पाहावयाचे हा प्रश्न मी विचारला नाही. परंतु जिभाऊंचे म्हणणे त्यांच्या बॅटरीपुरते सोळा आणे खरे होते. गास्तों प्लान्ते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८५९ साली जी शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी बनविली, तिचीच वंशज आज ट्रॅक्टरात आणि इन्व्हर्टरात नांदते आहे. आणि तिचा स्वभाव असा की ती रिकामी पडून राहिली तर शिशाच्या पत्र्यांवर क्षाराचे कठीण पापुद्रे धरतात, आणि मग तिला कितीही खाऊ घातले तरी अंगी लागत नाही. ती भरलेली असली की सुखी.

तिसरे मत बाजारपेठेतील एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याचे. या गृहस्थाने पंचक्रोशीतील इतकी लग्ने टिपली आहेत की त्यातल्या काही नवरदेवांच्या मुलांची लग्नेही आता तोच टिपतो. त्याच्या पहिल्या कॅमेऱ्यातील बॅटरी निकेल-कॅडमियमची होती, जिचा शोध स्वीडनमधील वाल्देमार युंगनर याने १८९९ साली लावला. या जातीला एक चमत्कारिक खोड होती. तिला वारंवार अर्धवट वापरून पुन्हा भरले, तर ती तो अर्धवटपणाच लक्षात ठेवी, आणि त्या मुक्कामाला पोहोचली की जणू संपल्यासारखी मान टाकी. ज्या कारकुनाकडून रोज निम्मेच दफ्तर तपासून घेतले जाते त्याला कालांतराने निम्मे दफ्तर हेच पूर्ण वाटू लागते, हा प्रकार मी स्वतः पाहिलेला असल्यामुळे मला त्यात काही अशक्य वाटले नाही. "काका, पार बंद पडेस्तोवर वापरा, मगच लावा," असे तो म्हणाला. आणि मंगलाष्टके चालू असताना ज्याचा कॅमेरा एकदा बंद पडला आहे त्या माणसाचे शब्द अनुभवाचे असतात.

आता माझी स्थिती काय झाली असेल याची वाचकांनी कल्पना करावी. वडिलांचा शब्द मोडणे आमच्या घराण्यात नाही, शेजाऱ्याचे मन दुखविणे व्यवहाराला धरून नाही, आणि तज्ज्ञाचे मत डावलणे हे महसूल खात्यातील माणसाच्या रक्तात नाही. सबब मी तिघांच्याही मतांना न्याय देणारे एक वेळापत्रक मुक्रर केले. सोमवार ते बुधवार लॅपटॉप जिभाऊंच्या मताप्रमाणे अखंड वायरीला लावलेला राही; गुरुवार ते शनिवार व्हिडिओवाल्याच्या मताप्रमाणे तो पार निपचित पडेपर्यंत वापरला जाई, आणि वापरण्याजोगे काही नसल्यास नुसता उघडा ठेवला जाई; रविवारी सकाळी आबांचा मान राखण्याकरिता ओट्यावर त्याला घटकाभर कोवळे ऊन दाखविले जाई. ही तजवीज मोठी समतोल आहे असे मला वाटत होते. सोमवारी रात्री वायर लावताना आमच्या कुटुंबाने मात्र स्वयंपाकघराच्या दारातूनच अभिप्राय दिला, "अहो, त्याले कसाले इतलं खाऊ घालतस? पोट फुटी जाई त्यानं!" स्त्रियांना यंत्रातले काय कळते, असे मी त्या वेळी मनात म्हटले. ते मनातच म्हटले, एवढीच आता समाधानाची गोष्ट आहे.

दोन वर्षांनी असे झाले की जो लॅपटॉप पूर्वी चार तास चालत असे तो दोन तासांत धापा टाकू लागला. दुरुस्तीच्या दुकानातील मुलाने त्याला कसलासा हुकूम सोडला, आणि त्या यंत्राने आपल्याच बॅटरीचा अहवाल आपल्याच पडद्यावर काढून दिला. तो अहवाल पाहताच माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. वरती मालाची ओळख, खाली तारीखवार नोंदी, एका रकान्यात मूळ क्षमता ४१,००० मिलिवॉट-अवर, दुसऱ्या रकान्यात आजची पूर्ण भरल्यानंतरची क्षमता २३,३७०: हा साक्षात सातबाराचा उतारा होता! भागाकार मला तोंडी येतो. पैसेवारी ५७.

पैसेवारी म्हणजे काय हे शहरी वाचकांस सांगणे भाग आहे. चांगल्या सालातील प्रमाण पीक शंभर पैसे धरून यंदाचे पीक किती पैसे आले हे ठरवावयाचे. ते ५० पैशांच्या खाली गेले तर गाव टंचाईच्या सवलतींस पात्र, वर राहिले तर नाही. पूर्वी ही आणेवारी होती. पुढे दशमान नाणी आली, आणे गेले, आणि कालांतराने आणेवारीची पैसेवारी झाली, तरी आबा अजून 'आठ आणे पीक' असेच म्हणतात. ही पैसेवारी एकदम लागत नाही. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम; आणि नजरेवर भरवसा नाही म्हणून मधूनमधून प्रत्यक्ष पीक कापणीचा प्रयोग. लॅपटॉपच्या कोपऱ्यात जे टक्के दिसतात ते अशाच नजरअंदाज पैसेवारीचे असतात, ही माहिती मला त्या मुलाकडून मिळाली. आत किती वीज गेली आणि किती बाहेर आली याचा जमाखर्च एक लहानशी चिप मांडीत असते; तो मांडताना बारीकसारीक चुका साचत जातात, आणि मग ३० टक्के दिसत असताना यंत्र अचानक डोळे मिटते. अशा वेळी क्वचित, चारसहा महिन्यांतून एकदा, बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा पूर्ण भरली की हिशेब रुजू होतो. व्हिडिओवाल्याच्या सल्ल्याचे जे काही सत्य आजच्या बॅटरीत उरले आहे ते इतकेच, म्हणजे पीक कापणीच्या प्रयोगाइतके. आणि मी तो प्रयोग आठवड्यातून तीन दिवस करीत होतो. रोज कापणी केल्यावर शेतात पीक कसे उभे राहावे?

५७ पैसे हा आकडा फार वाईट. तो ५० च्या खाली नसल्यामुळे नवी बॅटरी मंजूर करवत नाही, आणि ६० च्या वर नसल्यामुळे झोप लागत नाही. अशा सीमेवरच्या गावांचे अर्ज मी कचेरीत कित्येक पाहिले होते, आणि त्यांवर 'निकषात बसत नाही' असा शेराही माझ्याच हाताने लिहिला होता.

रात्री चिरंजीवांना फोनवरून सर्व कैफियत सांगितली. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटले, लाइन गेली. नंतर त्यांनी जे समजाविले ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण त्यांच्या भाषेत ते मला तीन वेळा ऐकूनही कळले नव्हते. लॅपटॉपमधील बॅटरी लिथियमची असते. तिच्यात लिथियमचे कण एका बाजूच्या घरातून दुसऱ्या बाजूच्या घरात जातात आणि परत येतात. चार्ज करताना ते ग्रॅफाइटच्या घरी मुक्कामास जातात, वापरताना कोबाल्टच्या घरी परततात. हे ऐकताच मला आमच्या रेल्वे स्टेशनावरची सुरतेची गाडी आठवली. खान्देशातील किती घरांतील माणसे पोटासाठी सुरतेस गेली आणि आखाजीला, लग्नाकार्याला परत येत राहिली, याची गणती नाही. परंतु दर फेरीला त्यातले दोनचार उधन्यास खोली घेऊन कायमचे राहून जातात आणि गावचे शिरगणतीचे आकडे हळूहळू उतरतात. लिथियमचेही तेच. दर फेरीत काही कण वाटेतल्या एका पापुद्र्यात अडकून पडतात ते पुन्हा कामास येत नाहीत. फेरी म्हणजे एकूण शंभर टक्क्यांची ये-जा. मग ती एका दमात करा की पंचवीस-पंचवीसच्या चार हप्त्यांत. मौज अशी की हप्त्याने केलेली ये-जा या बॅटरीला मानवते, आणि एका दमात पूर्ण रिते होणे व पूर्ण भरणे हे सोसत नाही. विशेषतः ग्रॅफाइटच्या घरात शेवटचा पाहुणा कोंबून बसविला, म्हणजे शंभर टक्के भरून एकेका घटाचा दाब ४.२ व्होल्टपर्यंत चढविला, आणि ते घर तसेच दिवसेंदिवस तुडुंब ठेवले, की आतल्या द्रावणाची नासाडी सुरू होते. सबब २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी, आणि पुष्कळ दिवस वापरावयाची नसेल तर निम्म्यावर ठेवून द्यावी. नुसत्या लिथियम बॅटऱ्या विमानाने मालवाहतुकीत पाठवावयाच्या तर त्या ३० टक्क्यांहून अधिक भरू नयेत असा नियम जगभर २०१६ पासून आहे, हेही त्यांनी जाता जाता सांगितले. भरल्या पोटी प्रवास करू नये असे आमची आजी सांगत असे.

या बॅटरीचा इतिहास मी मागाहून वाचला आणि त्यातील एका गोष्टीने माझा कंठ दाटून आला. कोबाल्टचे जे घर वर सांगितले ते जॉन गुडइनफ नामक शास्त्रज्ञाने १९८० साली ऑक्सफर्ड येथे शोधले, तेव्हा त्याची अठ्ठावन्नी भरत आली होती, म्हणजे आमच्या राज्य शासनाने ज्या वयात शाल-श्रीफळ देऊन घरी पाठविले असते त्या वयात. जपानात १९९१ साली अशा बॅटऱ्या बाजारात आल्या, आणि २०१९ साली स्टॅनले व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, त्या समयी तो ९७ वर्षांचा होता. हे मी आबांना वाचून दाखविले. "मंग त्याले पेन्शन किती?" एवढेच त्यांनी विचारले.

परंतु खरा आरोपी निराळाच निघाला. चिरंजीवांनी सहज विचारले, "नाना, लॅपटॉप ठेवता कुठे?" मी म्हटले, "माडीवर. पत्र्याखाली." पुन्हा काही वेळ लाइन गेल्यासारखी शांतता. दोंडाईच्याचे ऊन ज्यांनी पाहिले नाही त्यांना त्या शांततेचा अर्थ कळणार नाही. आमचे गाव मिरचीचे. हंगामात शिवारातील लाल मिरची गाड्या भरभरून येते, उघड्या मैदानांतल्या पथाऱ्यांवर पसरली जाते, आणि गावात नव्या आलेल्या पाहुण्याचे स्टेशनवर उतरताच पहिले स्वागत शिंकांनी होते. ही मिरची वाळते ती उन्हाच्या जोरावर. आमच्या ऊन-वाऱ्याची कीर्ती इतकी की जिल्ह्यातील साक्री तालुक्यात सरकारने १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारला आणि तिथल्याच ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचे जंगल उगवले. तात्पर्य, जे ऊन विजेला जन्म देते तेच ऊन साठविलेल्या विजेचे प्राण घेते, हे वैशाखात ४३-४४ अंशांच्या दुपारी माडीवर बसून आत्मचरित्र लिहिणाऱ्यास कोणीतरी आधी सांगावयास हवे होते. तक्त्यांत आकडे असे दिले जातात की ४० अंश उष्णतेत बॅटरी वर्षभर पूर्ण भरून ठेवली तर तिची सुमारे एकतृतीयांश क्षमता जाते, आणि तेवढ्याच उष्णतेत ४० टक्के भरून ठेवली तर सुमारे १५ टक्के जाते. मी तिला पूर्ण भरून, पत्र्याखाली, वर चालू स्थितीत, आणि पाय भाजू नयेत म्हणून गोधडीवर ठेवून वापरीत होतो. गोधडीने यंत्राचे श्वास घेण्याचे झरोके खालून बुजतात, हे गोधडी शिवणारीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते मला ठाऊक असावयास हवे होते.

मग घरातील सर्वांत थंड जागेचा शोध सुरू झाला. थर्मामीटर घेऊन मी खोलीखोलीची मोजणी केली. माठाजवळची जागा थंड होती पण ओलसर. गव्हाच्या कोठीमागची थंड होती पण तेथे उंदीर. अखेर मातीच्या जाड भिंतींची जुनी खोली, जिला खिडकी नाही आणि जिच्यात देवघर आहे, ती बाहेरच्यापेक्षा सात अंशांनी थंड निघाली, आणि लॅपटॉपची स्थापना देवघराशेजारच्या पाटावर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो त्याच्या झाकणावर हळदकुंकू आणि जास्वंदीचे एक फूल. कुटुंबास विचारता उत्तर मिळाले की देवाच्या ओळीत बसविलेल्याला वगळून पूजा करता येत नाही.

राहता राहिला ८० टक्क्यांचा प्रश्न. आणि याच प्रश्नाने आमच्या कुळाच्या इतिहासात एक प्रसंग जोडला. त्या दिवशी माझ्या पुतणीची सुपारी फुटावयाची होती. पाहुणे शहाद्याकडचे, मोठे मातब्बर. बोलणी धाकट्या भावाच्या घरी. आमच्या गल्लीत सकाळपासून वीज नव्हती, भावाच्या गल्लीत होती, म्हणून मी लॅपटॉप काखेत घेऊनच गेलो आणि आतल्या खोलीत तो वायरीला लावून, सुटीत पुण्याहून आलेल्या माझ्या सात वर्षांच्या नातवास त्याच्यापुढे बसविले, आणि त्याला बजावले की ८० चा आकडा दिसताच मला हाक मारावयाची. बाहेर देणेघेणे काही नाही असे दोन्ही बाजूंनी तीन तीन वेळा जाहीर झाले, चहा झाला, पोहे झाले, आणि बोलणी त्या नाजूक मुक्कामाला आली जेथे मुलीचा बाप घाम पुसतो: वऱ्हाड किती येणार? मुलाच्या मामांनी मिशीवरून हात फिरविला आणि म्हणाले, "आता आमचा गोतावळा म्हणजे... किती सांगावं..." भावाचा चेहरा पांढरा पडला. सभेत अशी शांतता पसरली की आतल्या खोलीतला पंखा ऐकू यावा. आणि त्या शांततेत आतून किंचाळल्यासारखी हाक आली, "नाना, ऐंशी झाले!"

इतक्या दिवसांची सवय. मी जागेवरूनच ओरडलो, "बस्स! ऐंशीच्या वर एक जरी गेला तरी खपवून घेणार नाही! काढ बाहेर!"

पुढची दोन मिनिटे मला नीट आठवत नाहीत. मुलाच्या मामांचा हात मिशीवरच राहिला. मुलाचे वडील, बिचारे सालस गृहस्थ, चाचरत म्हणाले, "साहेब, ऐंशी म्हणजे फारच... निदान शंभर तरी..." मी खुलासा करावयास तोंड उघडणार, तोच धाकट्या भावाने, ज्याने ५५ वर्षांत माझ्या एकाही शब्दाला मान दिला नव्हता, माझ्या गुडघ्यावर घट्ट हात ठेवला आणि अत्यंत लीनतेने म्हणाला, "आमचे मोठे बंधू महसुलात होते. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा." सुपारी ऐंशीवर फुटली. लग्नात वऱ्हाड १६० आले ही गोष्ट वेगळी. आकडा ठरविणे आणि तो पाळणे ही खाती पूर्वीपासूनच स्वतंत्र आहेत.

या पराक्रमाची हकीकत मी दुरुस्तीच्या दुकानात सांगितली तेव्हा तो मुलगा पोट धरून हसला आणि हसता हसताच लॅपटॉपमधील एक पान उघडून त्याने एके ठिकाणी बोट टेकविले. "काका, हे आतच असतं. इथं ८० वर थांबव म्हटलं की ते आपोआप थांबतं. मग वायर काढली नाही तरी चालतं." म्हणजे जो हुकूम मी इतके दिवस जातीने, गजर लावून, नातवांस पहाऱ्यास बसवून, एकदा तर सुरतेची गाडी चुकवून अंमलात आणीत होतो, तो त्या यंत्राच्या दफ्तरात पहिल्या दिवसापासून लिहिलेला होता आणि फक्त सहीसाठी थांबला होता. माझ्या खात्याबाहेरही असे घडते हे पाहून मला, खोटे कशाला सांगू, थोडे बरेच वाटले.

तेव्हापासून लॅपटॉप ८० वर थांबतो, देवघरात राहतो, गोधडीऐवजी पाटावर बसतो. परंतु आधीच्या वर्षांची थकबाकी माफ झाली नव्हती. यंदा चैत्रात तिसऱ्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद लिहीत असता माझ्या ध्यानात आले की बोट फिरविण्याची जी चौकोनी पाटी कळफलकाखाली असते ती एका बाजूने वर आली आहे. दुसऱ्या दिवशी ती आणखी वर आली. तिसऱ्या दिवशी झाकण मिटेना. आमच्या कुटुंबाने हातातले लाटणे बाजूस ठेवून डब्याकडे नीट निरखून पाहिले आणि ती काहीच बोलली नाही. ३५ वर्षांच्या संसारात ती इतकी स्पष्टपणे कधी बोलली नव्हती. दुकानातील मुलाने खालचे झाकण उघडले तेव्हा आत बॅटरीचे चपटे कप्पे तव्यावरच्या भाकरीसारखे टम्म फुगलेले होते. आतले द्रावण कुजून वायू धरतो आणि पोट फुगते. अशी बॅटरी टोचू नये, दाबू नये, चार्ज तर मुळीच करू नये, कारण ती पेट घेते, असे सांगून त्याने ती हलक्या हाताने बाहेर काढली. मी अखेरचा अहवाल आधीच काढून ठेवलेला होता. अंतिम पैसेवारी ४८. टंचाई जाहीर, नवी बॅटरी विनाविलंब मंजूर.

नव्या बॅटरीचा पहिला अहवाल १०३ पैसे निघाला. पहिल्या पहिल्याने मूळ आकड्याहून थोडी अधिक भरते म्हणे. १०३ पैशांची पैसेवारी मी हयातीत पाहिली नव्हती. कोणत्याही तलाठ्याने ती लिहिली असती तर त्याची खातेनिहाय चौकशी झाली असती.

फुगलेली बॅटरी ई-कचरा गोळा करणाऱ्यांची गाडी येईपर्यंत घरापासून दूर, कोरड्या वाळूत ठेवावी असे ठरले, म्हणून फुटक्या माठात वाळू घालून ती मी परसात, भिंतीच्या सावलीत ठेवली. काल दुपारी पाहतो तो माठात नुसती वाळू. काळजाचा ठोका चुकला. घर शोधले, परसू शोधले, नातवाला विचारले. आणि धाब्यावर चढून पाहतो तो काय, कुटुंबाने वाळत घातलेल्या मिरच्यांच्या लाल चादरीच्या एका कडेला, खाली जुने वर्तमानपत्र नीट अंथरून, फुगलेली बॅटरी भर उन्हात मांडलेली, आणि शेजारी काठी टेकून, डोक्यावर पंचा घेतलेले, ९१ वर्षांचे आबा! ते शिडी कसे चढले हे देवास ठाऊक. मी धापा टाकीत, हातात सांडशी घेऊन, "आबा, दूर व्हा, ती पेटेल," असे ओरडत पुढे झालो. आबांनी माझ्याकडे, चौथी पास झालो त्या दिवशी पाहिले होते तसे पाहिले.

"दोन दिन ऊन दखाड तिले," ते म्हणाले, "मंग दख."